धावजीच्या घराची बोली

१५ जानेवारी १९६१, रविवार. पांढरकवडा

आज मी एका माणसाला त्याच्या घराचा भाव विचारला. वांग्याचा विचारावा तसा. विचारून झाल्यावर माझेच कान गरम झाले.

हैदराबादच्या सडकेला लागून, गावाच्या टोकाला, एक कवेलूच्या छपराचं घर आहे. शाळेत जाता-येता रोज दिसतं. धावजी नावाचा बंजाऱ्यांच्या तांड्यातला म्हातारा तिथं एकटाच राहतो. आज बाजारातून येताना तहान लागली म्हणून त्याला पाणी मागितलं. त्यानं माझं नाव विचारलं नाही, आडनाव तर नाहीच. "आत ये बाई, माठ आत हाये," म्हणाला. मी माठापाशी जाऊन थांबले. सवयच आहे थांबायची. तो बाहेरूनच म्हणाला, "पेला उलटा ठेवेल हाये पाह्य."

पाणी प्यायले आणि मान वर केली. समोरच्या मातीच्या भिंतीत आरशाचे तुकडे लिंपलेले होते. बोटाच्या पेराएवढे, शंभर-दीडशे तरी. खिडकीतून उतरतं ऊन आलं होतं आणि त्याचे ठिपके छतावर, जमिनीवर, माझ्या पदरावर पडले होते. सडकेवरून एक ट्रक गेला. भिंत थरथरली आणि सगळं ऊन पाण्यासारखं हललं. मला वाटलं, मी विहिरीच्या तळाशी उभी आहे आणि इथं श्वास घेता येतो.

"माही धनीबाई," म्हातारा दारात येऊन म्हणाला. "घागऱ्याचा आरसा निंगाला का भितीत बसवे. मेली तिले तीन सालं झाले."

मग त्यानं सांगितलं की डोळे गेले आहेत, मुलगी ढाणकीकडे बोलावते आहे, घर विकायचं आहे.

"कितीले?" हे मीच बोलले.

"सोळाशे," तो म्हणाला.


१७ जानेवारी

शाळेत, मधल्या सुट्टीत लिहिते आहे. घरी लिहायला जागा नाही. कापसाच्या जिनिंगमागं आमच्या दोन खोल्या. त्यात माय, उकंडाभाऊ, गंगीवहिनी, त्यांची तीन मुलं आणि मी. वही उघडली की कुणाचा तरी पाय तिच्यावर पडतो.

सकाळी तिसरीच्या मुली साताचा पाढा म्हणत होत्या आणि मी त्या घरात गेले. म्हणजे खुर्चीवर बसल्या बसल्याच. खिडकीशी टेबल ठेवलं. आरशांच्या भिंतीला काही लावलं नाही. समोर खाट टाकली. चुलीवर लहानसं पातेलं ठेवलं, त्यात एका माणसाचा भात. दार लोटलं. कुणी हाक मारत नव्हतं. मुली सत्तरावर येऊन केव्हाच्या गप्प बसल्या होत्या. मी म्हटलं, "पुन्हा म्हणा." त्या पुन्हा सातापासून निघाल्या आणि मीही पुन्हा त्या दारातून आत.


२२ जानेवारी, रविवार

पुन्हा गेले. ओट्यावर बसून पहिली बोली केली. बाराशे म्हणाले.

धावजीबाबा हसला. "बाई, तू भाव नाही करून राह्यली. पोस्टात किती हायेत थे सांगून राह्यली."

खरंच होतं. पोस्टातले साडेआठशे, वर माझी सोन्याची पोत मोडली तर जे येतील ते. इतक्या वर्षांच्या शिकवण्या आणि शिवणकाम, त्यातले ते साडेआठशे. पगार तर मी भाऊच्या हातात देते.

"पंधराशे कर अन् जबान दे," तो म्हणाला. "कागद मंग व्हईल. आमच्यात जबान आधी."

"भाऊले विचारून सांगतो," मी म्हणाले. त्याच्यापाशी बसले की यवतमाळच्या ट्रेनिंगमध्ये घोटलेली शुद्ध भाषा कुठं जाते कळत नाही.

त्यानं अंदाजानं माझ्याकडे तोंड वळवलं. "राहणार कोण, तू का भाऊ?"

मी म्हणाले, आमच्यात भाऊला विचारल्याशिवाय काही होत नाही. हे मी अभिमानानं म्हणाले. भाऊ चौथी शिकलेला, पण मला त्यानं ट्रेनिंगला धाडलं. त्या दोन वर्षांत डेपोवर सागाचे ओंडके वाहून त्याच्या खांद्याला जो गठ्ठा आला तो अजून आहे. पुढं सासरी नोकरी सोड म्हणाले, मी सोडली नाही आणि सोडचिठ्ठी घेऊन परत आले. सगळी वस्ती बोलली. भाऊनं नुसती माझी पेटी उचलून आत ठेवली.


२४ जानेवारी

भाऊला सांगितलं. तो जेवत होता, त्याचा घास थांबला. मला वाटलं आता रागावतो. पण त्यानं विचारलं, "सडकेवर हाये ना थे? सडकेकडून किती फूट असन?"

मी आरशांचं सांगत होते. तो फुटांचं विचारत होता. पुरुषांचं असंच असतं, त्यांना घर बाहेरून दिसतं. पण त्यानं मनावर घेतलं याचाच मला इतका आनंद झाला की मी त्याला दोनदा भाकर वाढली.

माय चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "दोन माणसं एकच घर पाह्यतात, पण एकच पाह्यत नाहीत." म्हातारपणी ती असं काहीतरी बोलत असते.


२६ जानेवारी, गुरुवार

शाळेत झेंडावंदन झालं. परत येताना पाहिलं तर भाऊ सडकेवर! धावजीबाबाच्या घरासमोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं टाकत होता, तोंडानं मोजत. माझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी उन्हात उभा. माझे डोळे भरून आले.

घरी म्हणाला, "कौसे, तू आता त्या बुढ्यापाशी जाऊ नको. बाईमाणसानं भाव केला का फसते. मी बाबारावले लावतो."

बाबाराव म्हणजे गावातले दलाल. वावर, बैल, घर, सगळ्याचे सौदे करतात. धोतराचा सोगा एका हातात धरून बोलतात.


२ फेब्रुवारी

बाबाराव शाळेच्या फाटकाशी आले. "मास्तरीणबाई, घाई करा. नागपूरकडचं एक गिऱ्हाईक आलं हाये. सतराशे म्हणून राह्यलं. होळीच्या आत निकाल लागन."

 दिवसभर मी त्या नागपूरच्या माणसाला पाहत होते. पांढरा सदरा, हातात छत्री. तो माझ्या खिडकीशी उभा आहे, माझ्या उन्हात. त्यालाही ते ठिपके आवडले असतील का? तसं असेल तर त्याचा राग तरी कसा करायचा?

बाबाराव आणखी म्हणाले, "अन् सरकारी नोकरीतल्या बाईच्या नावानं कागद म्हटला का लय भानगड. परवानगी, चौकशी. माणसाच्या नावानं सोपं पडते."

मला हे माहीतच नव्हतं.


५ फेब्रुवारी, रविवार

भाऊनं जाऊ नको म्हटलं होतं, तरी गेले. नुसतं विचारायला.

"बाबा, नागपूरचं गिऱ्हाईक येऊन गेलं म्हणतात?"

"माह्यापाशी तं कोणी नाही आलं."

मी दोन-तीनदा विचारलं. तो नाहीच म्हणाला. डोळ्यांनी दिसत नाही त्याला, आता विसरायलाही लागला असेल बिचारा.

मग तो त्याच्या आज्याचं सांगत बसला. बैलांच्या पाठीवर मीठ लादून ते लोक कुठून कुठं जायचे. दिवसभर चालायचं, संध्याकाळी गोण्यांची भिंत करायची, सकाळी ती भिंत पुन्हा बैलांच्या पाठीवर. "आमच्या सात पिढ्यात भित एका जागी नाही राह्यली," तो म्हणाला. "मी ही भित बांधली तं धनीबाई आठ दिवस बाहीरच झोपली. म्हणे, उठून जाता येत नाही इथून, भेव वाटते. मंग एक आरसा बसवला तिनं. म्हणे, आता ही भित चालते."

मी भिंतीकडे पाहिलं. ट्रक नव्हता, तरी ती चालत होती.


९ फेब्रुवारी

भाऊ देव माणूस आहे. (माय म्हणते आता देव म्हणायचं नाही, दीक्षा घेतली ना. मग काय म्हणू?)

तो म्हणाला, "कौसे, नागपूरवाला अठराशेवर गेला. तुयानं व्हणार नाही. मी पाचशे घालतो. कागद माह्या नावानं करू, म्हणजे तुले कचेरीची भानगड नको. राहायचं तं आपल्याले सगळ्यायलेच हाये."

त्याच्याकडे पाचशे कुठून आले, हे मी विचारलं नाही. कुणाकडून तरी उसने घेणार असेल माझ्यासाठी. मी लगेच हो म्हणाले. वहिनी भाकरी थापत होती, तिनं एकदम माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. तिचे हात पिठात तसेच राहिले.

हो म्हटल्यावर हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. कदाचित अंगात कसर असेल.


१२ फेब्रुवारी, रविवार

सडकेच्या पलीकडे पळस पेटले आहेत. मी आज जबान द्यायला गेले.

"पंधराशे देतो," मी ओट्यावर बसायच्या आधीच म्हणाले.

धावजीबाबा म्हणाला, "साडेचवदाशे."

"बाबा, मी पंधराशे म्हणाली."

"म्या ऐकलं. पण माह्या घरात कोणी इतक्या खेपा पाणी प्याले नाही आलं. पन्नास त्याचे गेले."

त्यानं हात पुढं केला. मी माझा हात ठेवला. त्याचा तळवा लाकडासारखा कोरडा होता. त्यानं गुळाचा खडा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "कागदावर नाव काय लिहाचं? तुयं पुरं नाव सांग."

"कागद भाऊच्या नावानं व्हईल."

त्यानं हात काढून घेतला. हळूच, पण काढून घेतला.

"म्या जबान तुले देल्ली. थ्याले नाही. थ्याले तं म्या डोयानं पाह्यलं बी नाही."  मग म्हणाला, "माही जबान आता तुयापाशी हाये, थे वापस घेत नाही. तुही तू ठरव अन् ये."

परत येताना मला त्याचा राग आला. एवढासा हट्ट! नाव काय, भाऊचं काय नि माझं काय. पण गूळ मी खाल्ला नाही. त्याची जबान माझ्याकडे आहे आणि माझी मात्र कुणाकडेच नाही. अशा माणसानं गूळ कसा खायचा?


१५ फेब्रुवारी

मायनं आज मला नदीवर धुणं धुवायला सोबत नेलं. खुनी नदी. एवढं भयंकर नाव आणि पाणी असं की कपडा सोडला तर तो जागेवरच विचार करत राहतो.

दगडावर बसून मायनं दंडातले चांदीचे कडे काढले आणि माझ्या ओटीत टाकले. "घराले लाव."

"भाऊ घालते ना पाचशे."

"म्हूनच तुले देऊन राह्यली."

मला अर्थ लागला नाही. मी विचारलं तर ती लुगडं आपटायला लागली. एवढ्या जोरानं की पलीकडच्या बायका पाहायला लागल्या.


१९ फेब्रुवारी, रविवार

आज धावजीबाबाची मुलगी बिजलीबाई आली आहे, त्याला न्यायला. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बोलणं खणखणीत. ती मला ओट्यावरच अडवून म्हणाली, "तूच का थे मास्तरीण? तुया भाऊ येऊन गेला काल. थो दलाल अन् एक ट्रकवाला शेठ संग होता. दोन हजार म्हणते. वऱ्हांडा पाडून समोरून टायरचं दुकान काढतो म्हणे, अन् ही भित फोडून माल ठेवाले जागा करतो."

मी म्हणाले, "नागपूरवाला असेल."

"कोणता नागपूरवाला? तुया भाऊच. बाबानं नाव इचारलं, उकंडा म्हणे. दोन हजारातले पंधराशे शेठचे, पाचशे तुया भाऊचे, अन् दुकानात दोघायची पाती."

आत धावजीबाबा बसला होता. तो म्हणाला, "बाई, म्या नाही म्हटलं त्यायले. म्हटलं, बैल इकला. इकेल बैलाले दुसऱ्या दिवशी भाव इचारू नये."

बिजलीबाई उसळली. "बैल इकला म्हणते, अन् घेणारीनं दावं हातात घेतलंच नाही अजून! साडेपाचशे सोडून राह्यला बाबा. माह्या घरी तुले काय झाडाखाली ठेवू?"

ती वाईट बोलली नाही. तिचंही खरं होतं. दोघंही माझ्याकडे पाहत होते, एक डोळ्यांनी आणि एक नुसत्या तोंडानं. मी उठले आणि चालत सुटले. घराकडे नाही, दुसऱ्याच बाजूला, पाटणबोरीच्या दिशेनं. खूप चालले. पळसाची फुलं सडकेवर पडली होती आणि ट्रकांनी त्यांचा लगदा केला होता.


२० फेब्रुवारी

पाढे, कविता, शुद्धलेखन. काही आठवत नाही.


२१ फेब्रुवारी

सकाळी भाऊ अंगणात दात घासत होता तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "नागपूरवाला तूच का?"

त्यानं चूळ भरली. तोंड पुसलं. तो खोटं बोलेल असं मला वाटलं होतं, पण तो खोटं बोलला नाही.

"हव. मीच."

"काहून?"

"काहून?" तो म्हणाला. "डेपोवर ठेकेदार यंदा माणसं कमी करून राह्यला. खांदा काम देत नाही. तीन लेकरं हायेत. दुकान झालं असतं तं बसून खाल्लं असतं. तुले सांगतलं असतं तं तू भिताड पाडू देल्लं असतं का? तुयं मन त्या आरशायत. म्हून बाबारावले बोलावलं. लबाडी केली म्या, हव."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मग तो म्हणाला, "आता तू सांग, कौसे. तुया डोक्श्यात थे घर हाये ना? थ्यात आमी कुठी हावो? माय कुठी झोपते? माही लेकरं कुठी हायेत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मनातल्या मनात त्या घरात शिरले. सगळीकडे पाहिलं. खिडकीशी टेबल होतं. समोर खाट होती, एकच. चुलीवर एका माणसाचा भात होता. महिनाभर मी तिथं रोज जात होते आणि एकदाही कुणाला सोबत नेलं नव्हतं. मायलासुद्धा नाही.

भाऊ माझ्याकडे पाहत होता. त्याला कळलं. त्याला बहुतेक माझ्या आधी कळलं होतं.

"तुले शिकवलं थे तू दूर जाशीन म्हून नव्हतं शिकवलं," एवढं बोलून तो डेपोवर गेला.

माय दारात होती. मी म्हणाले, "माय, तुला माहीत होतं?"

"दोघायचंबी माहीत होतं. पोराले लबाड म्हणू का पोरीले स्वार्थी म्हणू? म्हून गप्प बसली." मग जरा वेळानं म्हणाली, "मले विचारशीन तं मी कधीच एकटीनं भात खाल्ला नाही. कसा लागते, थे तू खाऊन सांगजो."


२६ फेब्रुवारी, रविवार

पाच दिवस विचार केला. विचार म्हणजे काय, नुसती बसून होते. भाऊचं ऋण खरं. त्याची लबाडी खरी. मला एकटीला राहायचं आहे, हेही खरं, आणि ते मला इतक्या उशिरा कळलं याची लाज वाटते. लाज वाटली तरी ते कमी होत नाही.

बाबाराव काल पुन्हा आले. "परवा-तेरवाचीच गोष्ट हाये बाई. शेठ पैसे घेऊन बसला हाये. होळी झाली का सौदा गेला समजा." मी त्यांना विचारलं, "बाईच्या नावानं कागद होत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी सोगा दुसऱ्या हातात घेतला आणि उन्हाबद्दल बोलायला लागले. शाळेतल्या मोठ्या बाईंना मी आधीच विचारून घेतलं होतं. त्यांनी स्वतः दिग्रसला त्यांच्या नावानं घर घेतलं आहे.

आज सकाळी भाऊला सांगितलं, "घर मी घेते. माझ्या नावानं. तुझी लेकरं शाळेत आहेत तोवर त्यांचं वह्या-पुस्तक, फी, कपडे माझ्याकडे. ही माझी जबान." त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वहिनी मात्र चुलीपुढून उठून आली आणि तिनं माझ्या कपाळावरचे केस मागं सारले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

मग धावजीबाबाकडे गेले. बिजलीबाई गोधडी शिवत होती. तिच्यासमोरच मी म्हणाले, "बाबा, कौसल्या लिहा. दुसरं कोणाचं नाव नाही."

त्यानं हात पुढं केला. या वेळी माझा तळवा ओला होता. मी बिजलीबाईला म्हणाले, "तुमचं नुकसान होते, मले माहीत हाये. जास्त देता येत नाही."

ती दोरा दातानं तोडत म्हणाली, "नुकसान माह्यं व्हते अन् झोप याले लागते. जाऊ दे. बुढ्याची जबान मोडून त्याले घरी नेला असता तं रोज उठून मलेच बोलला असता."

गूळ पुन्हा दिला. खाल्ला.


१३ मार्च, सोमवार

आज खरेदीखत झालं. शाळेतून अर्धी रजा.

पोस्टातले पैसे, पोत मोडून आलेले आणि मायचे कडे. सगळं मिळून भरलं. वर सात रुपये उरले, ते अर्जनविसानं घेतले.

कचेरीत बायका नव्हत्या. कारकुनानं दोनदा विचारलं, "सोबत कोण आहे?" धावजीबाबा म्हणाला, "मी हावो ना." कारकून म्हणाला, "तुम्ही विकणारे आहात." तो म्हणाला, "तरी हावो."

मी सही केली. कौसल्यातलं 'ल्या' तिरपं गेलं. धावजीबाबानं अंगठा दिला. मग तो अंगठा त्यानं पुसलाच नाही. बाहेर आल्यावर उन्हात डोळ्यांपाशी धरून पाहत राहिला, काय दिसत होतं कोण जाणे.

दुपारी बाप-लेक मोटारीनं गेले. त्यानं एक गाठोडं घेतलं, बाकी काही नाही. मी म्हणाले, "बाबा, एक आरसा काढून देऊ का धनीबाईचा?"

"नको," तो म्हणाला. "थे भित चालते तं चालू दे. म्या थांबलो."


१४ मार्च

पहिला भात केला. माप चुकलं, तीन माणसांचा झाला.

खाताना मायचं बोलणं आठवलं. कसा लागतो ते तिला सांगायचं आहे. अर्धा भात होईपर्यंत फार छान लागला. पुढं नीट सांगता येत नाही.


२६ मार्च, रविवार

माय दोन दिवस राहून गेली. ती म्हणते, दोन्हीकडे राहीन, एका जागी बसायला मी काय भिंत आहे? मुलं शाळा सुटली की इथं येतात, ठिपके पकडतात. मोठी सुमन मुठीत धरते आणि मूठ उघडून पाहते.

भाऊ आला नाही. सडकेवरून डेपोवर जातो, त्याला दुसरी वाट नाही. घर आलं की पलीकडच्या बाजूला पाहत जातो. मी खिडकीतून पाहते आणि मग टेबलावरच्या वह्या तपासायला घेते. कितीदा तरी तेच पान तपासलं जातं.

ऐकलं की ठेकेदारानं त्याला काढलं नाही. मोजणीच्या कामावर बसवलं आहे.


९ एप्रिल, रविवार

आज दहाच्या सुमाराला दारावर सावली पडली. पाहिलं तर भाऊ. डोक्यावर टोपलं, टोपल्यात नवी कवेलू. शिडी भिंतीला टेकवून ठेवली होती, म्हणजे आधी एक खेप करून गेला असणार आणि मला कळलं नाही.

तो उंबऱ्याबाहेर उभा होता. घामानं सदरा भिजला होता. माझ्याकडे न पाहता छपराकडे पाहत म्हणाला, "उत्तरेकडून पाणी येईन तुया घरात. वळचणीची कवेलू फुटेल हायेत. म्या सडकेवरून पाह्यतो रोज."

मी हातातली वही मिटली.

त्यानं टोपलं खाली ठेवलं. पायातल्या वहाणा काढल्या. एक पाय उचलला, आणि तो पाय तसाच थांबला. पेटी उचलून मला आत नेणारा माझा भाऊ, ज्यानं आजवर मला कधी काही विचारून केलं नाही, तो माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "आत येऊ का व, कौसे?"

मला वाटलं होतं हे ऐकून मला आनंद होईल. झाला तो आनंद होता की नाही, माहीत नाही. पाठीमागून एक ट्रक गेला, घर थरथरलं. भाऊ पाय खाली न टेकता वाट पाहत होता.

"ये," मी म्हणाले.